पिंजऱ्यात जोडी भरण्याआधी : पाळीव प्राणी-पक्षी विकणाऱ्यांना खुलं पत्र

दुकानदार मंडळींना, आणि घरच्या घरी पैदास करून पिल्लं विकणाऱ्या सगळ्यांना, सप्रेम नमस्कार.

तुमच्या काउंटरवर एक वाक्य रोज बोललं जातं. गिऱ्हाईक एका सशाकडे बोट दाखवतं आणि तुम्ही म्हणता, "एकटा नका नेऊ, करमणार नाही त्याला. जोडीच न्या." यातला पहिला अर्धा भाग अगदी खरा आहे. दुसऱ्या अर्ध्यातून जे निघतं ते काही महिन्यांनी आमच्या दारात येतं. नको झालेली, जास्त झालेली, परवडेनाशी झालेली जनावरं सांभाळायची आणि त्यांना दुसरं घर शोधून द्यायचं, हे काम मी आणि माझ्यासारखी काही माणसं करतो. आमच्याकडे येणाऱ्या बहुतेक खोक्यांची सुरुवात त्या वाक्यापासून झालेली असते, म्हणून हे पत्र तुम्हाला लिहितेय, गिऱ्हाइकांना नाही.

सशाला, गिनीपिगला, उंदराला, बजरीगरला (ज्या छोट्या पोपटाला आपल्याकडे सर्रास 'लव्हबर्ड' म्हणतात त्याला) सोबत लागते यात वादच नाही. पण अंग चाटायला, शेजारी पहुडायला, धोक्याची चाहूल लागली की एकमेकांना सावध करायला आपल्या जातीचं दुसरं जनावर पुरतं. ते विरुद्ध लिंगाचंच हवं असं काही नाही. आणि नर-मादी एकत्र ठेवायलाही माझा विरोध नाही. उलट नसबंदी झालेला एक नर आणि सोबत दोन माद्या, ही गिनीपिगांची सगळ्यांत कमी कटकटीची मांडणी आहे. सशांचंही तसंच, दोघांचंही ऑपरेशन झालेली नर-मादी सहसा छान जमते. माझं म्हणणं इतकंच आहे की नर आणि मादी एका पिंजऱ्यात घालून हातात देताना पिल्लांचं काय करायचं हे आधी ठरलेलं असावं, आणि ते ठरवण्यापुरती माहिती तुम्ही द्यावी. गिऱ्हाईक बहुधा ते जनावर आयुष्यात पहिल्यांदाच हातात घेत असतं. तुम्ही रोज घेता.

आता सगळ्यांत मोठ्या दुखण्याकडे येते. नर कोणता आणि मादी कोणती हे तुमच्यापैकी बऱ्याच जणांना ओळखता येत नाही. राग मानू नका, पण ठोकून देता तुम्ही.

मागे एका कुटुंबाने दोन "बहिणी" आणून दिल्या. गिनीपिग. दुकानातून दोन्ही माद्या म्हणूनच घेतलेल्या. त्यातली एक चांगलीच सुटलेली. "ही फार खादाड आहे," असं मुलांनी कौतुकाने सांगितलं. तिला मांडीवर घेतलं आणि पोटाखाली तळहात धरला, तर बोटांना आतून एक टणक गोळा लागला आणि क्षणात सरकला. पिल्लाचं डोकं होतं ते. मग दुसरीला हलकेच मागच्या पायांवर उभं करून पोटाकडून पाहिलं. मादीची जागा इंग्रजी 'वाय' अक्षरासारखी दिसते. इथे तसं काही नव्हतं, एक बारीक गोल टिंब होतं. त्याच्या जरा वर अंगठ्याने दाबल्याबरोबर शिश्न बाहेर आलं. बहीण कसली, भाऊच होता तो. त्याला त्याच क्षणी वेगळ्या पिंजऱ्यात टाकलं. घरच्यांना ते फार निर्दयपणाचं वाटलं, "बिचारा एकटा पडेल ना!" पण गिनीपिगची मादी व्यायल्यानंतर काही तासांतच पुन्हा माजावर येते. तो तिथे असता तर पहिली पिल्लं अंगावर पीत असतानाच दुसरा गर्भ राहिला असता.

ही तपासणी करायला मिनिटभर लागतं. सशाच्या बाबतीत जरा जास्त सवय लागते, कारण दोन महिन्यांच्या आतल्या पिल्लांत फरक फार सूक्ष्म असतो. जागेच्या दोन्ही बाजूंनी हलका दाब दिला की नराची टोकाला गोल असणारी नळी वर येते, मादीची लांबट फट दिसते आणि ती गुदद्वाराच्या दिशेने उतरत जाते. अंडकोष दिसत नाहीत म्हणून मादी, हा तुमचा आवडता हिशेब मात्र सोडून द्या. सशाचे अंडकोष साधारण तीन महिन्यांच्या सुमाराला खाली उतरतात. त्यातही ससा काय आणि गिनीपिग काय, घाबरला की ते पोटात ओढून घेऊ शकतो. आणि तुमच्या हातात उलटं धरलेलं जनावर घाबरलेलंच असतं. उंदीर आणि पांढरे रॅट (आकाराने मोठी उंदराची जात) यांच्यात काम सोपं आहे : गुदद्वार आणि लघवीची जागा यांच्यामधलं अंतर बघायचं. नरात ते मादीच्या जवळजवळ दुप्पट असतं. एकाच वयाची दोन पिल्लं शेजारी धरली की नवख्यालाही कळतं. मांजराच्या पिल्लांतही अंतराचीच खूण. बजरीगरमध्ये चोचीच्या वर नाकपुड्यांभोवती जो मेणासारखा भाग असतो, तो मोठ्या नरात निळा आणि मोठ्या मादीत तपकिरी किंवा फिका होतो. पण पिल्लू लहान असताना रंग फसवतो, आणि पूर्ण पांढऱ्या किंवा पिवळ्या जातींचे नर मोठे झाले तरी गुलाबी-जांभळेच राहतात. खऱ्या लव्हबर्डच्या ज्या जाती सर्रास विकल्या जातात, त्यांत नर-मादी दिसायला सारखेच असतात. तिथे पिसाची डीएनए तपासणी करावी लागते. ती केली नसेल तर "माहीत नाही" म्हणावं. "माहीत नाही" म्हटल्याने गिऱ्हाईक पळून जात नाही, आणि गेलंच तर ते आमच्या दारात येत नाही, हेही नसे थोडके.

ओळखता आलं, तरी पुढचं अज्ञान वयाचं असतं. "अजून लहान आहेत हो, भाऊ-बहीण आहेत, राहू द्या एकत्र." ही तुमची सल्ल्याची ठरलेली ओळ. भाऊ-बहीण हे नातं जनावरांना ठाऊक नसतं. गिनीपिगची मादी चार ते सहा आठवड्यांत गाभण राहू शकते, म्हणून नर पिल्लं तीन आठवड्यांची झाली की वेगळी काढायची. तोवर ती दूधही सोडायला लागलेली असतात आणि चारा तर जन्मल्यापासून कुरतडतात. रॅटची नर पिल्लं पाच आठवड्यांच्या आत वेगळी व्हायला हवीत, उंदरांची त्याहून आधी. सशाच्या लहान जाती साडेतीन-चार महिन्यांत वयात येतात. मांजर चौथ्या-पाचव्या महिन्यात माजावर येऊ शकतं. आता तुम्हीच सांगा, तुमच्या एका मोठ्या पिंजऱ्यात दोन महिन्यांचे दहा गिनीपिग सरमिसळ ठेवलेले असतात, त्यातली मादी घरी नेणारा नक्की किती जनावरं नेत असतो?

सशाबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण आमच्याकडे सर्वांत जास्त तेच येतात आणि सर्वांत जास्त गैरसमजही त्यांचेच. सशाच्या मादीला कुत्रीसारखा ठरावीक माज नसतो. मेटिंग झाल्यावर दहा-बारा तासांत तिचं बीज सुटतं. म्हणजे "आज सुरक्षित दिवस आहे" असा प्रकारच नाही, नर भेटला की झालं. गर्भ साधारण ३१ दिवसांचा. व्याल्यानंतर त्याच दिवशी ती पुन्हा गाभण राहू शकते. पिल्लं उघडी, आंधळी, बोटाएवढी जन्मतात, दहा-बारा दिवसांनी डोळे उघडतात, आणि ती पिऊन मोठी होत असताना पुढची वीण पोटात वाढत असते. नर त्याच पिंजऱ्यात राहिला तर मादीचं अंग झडतं, केस जातात, पाठीचा कणा बोटांना टोचायला लागतो. अशा माद्या आम्ही हातात घेतल्या आहेत. वय विचारावं तर वर्षसुद्धा पूर्ण नसतं.

बरं, पहिली वीण झाली की घरात गोंधळ उडतो. "आई पिल्लांकडे बघतच नाही, दूध पाजत नाही," म्हणून फोन येतात. सशाची आई दिवसातून एकदा, फार तर दोनदा, जेमतेम काही मिनिटं पाजते आणि बाजूला होते, कारण घरट्याजवळ वावरून शिकाऱ्याचं लक्ष वेधायचं नसतं. पिल्लांची पोटं गोल आणि अंग गरम असेल तर सगळं ठीक आहे. हे कुणी सांगितलेलं नसतं, म्हणून माणसं ड्रॉपरने गायीचं दूध पाजतात आणि पिल्लं मरतात. जोडी विकताना हे एक वाक्य सांगायला काय लागतं? सांगत नाही, कारण पिल्लं होतील हेच मुळात आपण मोकळेपणाने बोललेलो नसतो. "झाली तर झाली" अशी मोघम हसून वेळ मारून नेलेली असते.

ससा-ससा दोन नर देऊन टाकले की प्रश्न मिटला असंही समजू नका. ऑपरेशन न झालेले दोन नर वयात आले की एकमेकांचे अंडकोष फाडेपर्यंत भांडतात. दोन माद्याही जागेवरून जुंपतात. म्हणून सशाच्या बाबतीत खरा सल्ला एकच उरतो : वयात येईपर्यंत वेगळे किंवा डोळ्यांसमोर, मग ऑपरेशन, मग पुन्हा हळूहळू ओळख. नराचं ऑपरेशन झाल्यावर लगेच मादीजवळ सोडायचं नाही. नळ्यांमध्ये उरलेले शुक्राणू काही आठवडे जिवंत असतात, चार ते सहा आठवडे थांबावं लागतं. ऑपरेशन करूनही पिल्लं झाली, डॉक्टरने फसवलं, अशी ओरड ऐकली की बहुतेक वेळा हेच घडलेलं असतं. आणि दोन पिंजरे शेजारी लावून मध्ये जाळी ठेवली तर जाळी पुरेशी बारीक आहे ना, ते बघावं. जाळीतून मेटिंग झालेले ससे मी पाहिलेत.

मादी सशाचं ऑपरेशन पिल्लं टाळण्यापुरतं नसतं. वय वाढलेल्या, ऑपरेशन न झालेल्या माद्यांमध्ये गर्भाशयाचा कॅन्सर फार मोठ्या प्रमाणावर आढळतो, हे पशुवैद्यकांना चांगलं ठाऊक आहे. मात्र सशाला भूल देणं हे कुत्र्या-मांजरासारखं नाही. ससे हाताळण्याची सवय असलेला डॉक्टर शोधायला सांगा, आणि ऑपरेशनआधी सशाला उपाशी ठेवायचं नसतं हेही सांगा. त्याला उलटी होतच नाही आणि आतडं थांबलं तर तेच जिवावर बेततं.

हॅम्स्टरबद्दल दोनच ओळी. सिरियन हॅम्स्टर वयात आल्यावर एकटाच राहणारा प्राणी आहे. नर-मादी नको, दोन नर नको, दोन माद्या नको. मादी नरापेक्षा अंगाने मोठी असते आणि माजाचे काही तास सोडले तर ती त्याला ठार मारू शकते. त्यातून गर्भ राहिलाच तर १६ दिवसांत पिल्लं, आणि घाबरली तर ती पिल्लं खाऊन टाकते. काही बुटक्या जाती लहानपणापासून एकत्र वाढल्या तर निभावतात, पण जात नीट न ओळखता "जोडी" म्हणून दिलेला सिरियन हॅम्स्टर म्हणजे ठरवून केलेली मारामारी आहे.

आता तुमची बाजू. ती मी अनेकदा ऐकली आहे आणि सगळीच खोटी नाही.

"गिऱ्हाइकालाच जोडी हवी असते, मुलांना पिल्लं बघायची असतात." असते, मान्य. पण मुलांना पिल्लं दाखवायची हौस आणि सहा महिन्यांनी पिल्लांची पिल्लं कुठे ठेवायची हा प्रश्न, या दोन्ही गोष्टी गिऱ्हाइकाला एकाच वेळी दिसल्या पाहिजेत. तुम्ही पहिली दाखवता. गिनीपिगच्या बाळंतपणात तर बघायच्या मजेपेक्षा भीती जास्त असते. पिल्लं पूर्ण केसाळ, उघड्या डोळ्यांची, दात आलेली जन्मतात, म्हणजे आकाराने मोठी. मादीचं पहिलं बाळंतपण सहा-सात महिन्यांच्या आत झालं नसेल तर तिच्या ओटीपोटाची हाडं जिथे जुळतात तो सांधा घट्ट होत जातो, मग तो पुरेसा उघडत नाही आणि पिल्लू अडकतं. वेळेवर सिझेरियन झालं नाही तर आई आणि पिल्लं दोन्ही जातात. तुम्ही वर्षाच्या मादीला "आता जोडीदार घेऊन जा" म्हणून नर देता तेव्हा नेमकं हेच घडतं. यावरून "मग लवकर लावून टाकावी" असं कृपया काढू नका. कधीच न व्यालेली गिनीपिग मादी अगदी सुखाने जगते. शिवाय गिनीपिगला क जीवनसत्त्व माणसासारखंच बाहेरून लागतं, गाभणपणी जास्तच. नुसत्या कोरड्या गोळ्यांच्या खाद्यावर ते भागत नाही.

"एकदा तरी पिल्लं व्हायला हवीत, नाहीतर मादीची तब्येत बिघडते." हे कुत्र्यांच्या बाबतीत तर इतकं ठामपणे सांगितलं जातं की ऐकणाऱ्याला ते डॉक्टरांचंच मत वाटावं. याला कसलाही आधार नाही. बिघडते ती न झालेल्या ऑपरेशनमुळे. माजानंतर महिना-दोन महिन्यांत गर्भाशयात पू होण्याचा आजार मध्यमवयीन, ऑपरेशन न झालेल्या कुत्रींना बऱ्याचदा होतो. खूप पाणी पिते, मलूल पडते, कधी स्राव दिसतो, कधी दिसतही नाही. तो एकदा व्याल्याने टळत नाही. आणि माज थांबवायच्या गोळ्या किंवा इंजेक्शन काही जण काउंटरवरून सांगून देतात ते तर बंदच करा. त्या हार्मोनमुळे हाच आजार आणि स्तनांच्या गाठी ओढवतात. ती औषधं द्यायची की नाही हे डॉक्टरने ठरवायचं.

कुत्र्याच्या एकाच विणीतले नर आणि मादी एका घरी देणं हा प्रकारही थांबवा. देताना गोड दिसतं, आठ-दहा महिन्यांनी घरच्यांची झोप उडते. मादी माजावर आली की सुरुवातीला साधारण नऊ दिवस लाल स्राव जातो आणि तेव्हा ती नराला जवळ येऊ देत नाही. लोक तेवढे दिवस तिला कोंडून ठेवतात, स्राव फिका झाला की "संपलं" म्हणून मोकळं सोडतात. खरा धोक्याचा काळ तेव्हाच सुरू झालेला असतो. पहिल्या थेंबापासून किमान तीन आठवडे, आणि शंका असेल तर चार, दोघांमध्ये बंद दार हवं. डायपर हे दार नव्हे. नर-मादी अडकलेले सापडले तर ओढू नये, पाणी टाकू नये, दोघांनाही इजा होते. अर्ध्या तासात सहसा आपोआप सुटतात, मग त्याच दिवशी डॉक्टरांना फोन. नराचे शुक्राणू तिच्या पोटात आठवडाभरही टिकू शकतात, त्यामुळे "उद्या बघू" म्हणण्यात अर्थ नाही. घरात दोन्ही ठेवायचेच असतील तर वयात येण्याच्या सुमाराला कुणाचं ऑपरेशन करायचं हे डॉक्टरशी बोलून पिल्लू देतानाच ठरवायला लावा. मोठ्या जातींत ते थोडं उशिरा करावं असाही सल्ला मिळतो, म्हणजे मधल्या काळासाठी दुसरी खोली लागणार.

मांजराची गोष्ट सशाच्या जवळची आहे. मेटिंगनेच बीज सुटतं, पिल्लं पीत असतानाच पुन्हा माज येऊ शकतो, आणि एकाच विणीतल्या पिल्लांचे बाप वेगवेगळे असू शकतात. माजावरची मांजरी जमिनीवर लोळते, शेपूट बाजूला करून मागचा भाग वर उचलते आणि रात्रभर ओरडते. "हिच्या पोटात दुखतंय" म्हणून लोक घाबरून जातात. भाऊ-बहीण दिलेत तर चार-पाच महिन्यांच्या आत ऑपरेशनची वेळ घ्या, हे पावतीवर लिहून द्या. शिक्का मारा हवं तर.

"पिल्लं झाली तर आम्ही परत घेतो की." हेही ऐकलंय. पहिली वीण घेता, खरं आहे. तिसऱ्या विणीला फोन उचलत नाही. आणि परत घेतलेली ती पिल्लं भाऊ-बहिणीची असतात. सख्ख्या भाऊ-बहिणीच्या पिल्लात सरासरी पाव हिश्शाच्या जागी दोन्हीकडून एकच वारसा येतो. जो दोष एरवी झाकलेला राहिला असता तो उघडा पडायची शक्यता तितकी वाढते. तीच पिल्लं पुन्हा एकत्र भरून, पुन्हा जोडी म्हणून तुम्ही विकता.

रंगाच्या आणि आकाराच्या हव्यासाचंही इथेच सांगून टाकते, कारण हे "निसर्गाचं आहे, चालायचंच" या सबबीखाली लपवलं जातं. बुटक्या सशाचा बुटकेपणा ज्या जनुकाने येतो, तो आई-बाप दोघांत असेल तर सरासरी चारातल्या एका पिल्लाला तो दुहेरी मिळतो आणि ते इवलंसं पिल्लू बहुधा काही दिवसांतच मरतं. मर्ल रंगाचा, म्हणजे फिक्या अंगावर गडद डागांचा, कुत्रा मर्ल कुत्रीला लावला की तितक्याच प्रमाणात बरीचशी पांढरी पिल्लं येतात, त्यातली अनेक बहिरी किंवा आंधळी किंवा दोन्ही. रोन रंगाच्या, म्हणजे पांढरे आणि रंगीत केस मिसळलेल्या, दोन गिनीपिगांचंही असंच, डोळे अर्धवट किंवा नाहीतच, दात वाकडे. पैदास करायची तर हे माहीत असायला हवं, आणि तुमच्याकडून रंगीत जोडी नेणाऱ्याला ते सांगायला हवं. तो हौसेने नेतो. त्याला वाटतं पिल्लंही तशीच सुंदर निघतील.

पक्ष्यांमध्ये उपाय फार स्वस्तातला आहे, तरी तुम्ही तो उलटा करता. बजरीगर बिळात, ढोलीत अंडी घालणारा पक्षी आहे. जागा मिळाली नाही तर बहुतेक जोड्या अंड्याच्या भानगडीत पडत नाहीत. तुम्ही पिंजऱ्याबरोबर मडकं किंवा लाकडी पेटी फुकट देता. नका देऊ. पेटी नसेल, उजेड दहा-बारा तासांपुरता असेल, आणि खाण्याची चंगळ नसेल तर नर-मादी वर्षानुवर्षं नुसते मित्र म्हणून राहू शकतात. तरीही अंडी घातलीच तर ती लगेच काढून टाकायची नाहीत. मादी तूट भरून काढायला आणखी घालत सुटते आणि हाडांतलं कॅल्शियम संपवते. अंडं त्याच दिवशी उकळून, थंड करून परत ठेवायचं किंवा खोटं अंडं ठेवायचं, तिचा रस संपेपर्यंत. नुसत्या बियांवर पोसलेल्या माद्यांमध्ये अंडं अडकतं. पिसं फुलवून पिंजऱ्याच्या तळाशी बसलेली, शेपटी खालीवर हलवत जोर लावणारी मादी दिसली तर सकाळची वाट बघायची नाही, तत्काळ डॉक्टर गाठायचा. आणि एका पेटीवर दोन माद्या कधीच नकोत, रक्त निघेपर्यंत भांडतात.

माशांचं थोडक्यात. गप्पी, मॉली, प्लॅटीच्या माद्या नराचे शुक्राणू महिनोन्महिने साठवून ठेवतात आणि एका मेटिंगवर अनेक वेळा पिल्लं देतात. सरमिसळ टाकीतून उचललेली मादी एकटी दिली तरी ती घरी जाऊन पिल्लं देणारच, हे सांगून टाका. ज्याला पिल्लं नकोत त्याला सगळे नर द्या, रंगही त्यांचेच जास्त. पोटाखालचा मागचा पर काडीसारखा टोकदार असेल तो नर, पंख्यासारखा असेल ती मादी. दोन्ही हवेतच असतील तर एका नरामागे दोन-तीन माद्या, नाहीतर तो तिला पळवून पळवून दमवतो.

तुमचा धंदा बुडावा असं मला वाटत नाही. एकटा ससा विकण्यापेक्षा दोन विकण्यात तुमचा फायदा आहे आणि सशाचाही. फक्त दुकानातले नर आणि माद्या दूध सुटल्यापासून वेगळ्या पिंजऱ्यांत ठेवा, म्हणजे गिऱ्हाईक न मागितलेली पिल्लं पोटात घेऊन जाणार नाही. विकताना जनावर उलटं करून गिऱ्हाइकासमोर दाखवा. पावतीवर लिंग लिहा, अंदाज असेल तर "अंदाज" लिहा, आणि चुकीचं निघालं तर बदलून द्यायची तयारी ठेवा, महिन्याभरानंतरसुद्धा, कारण चूक कळते तीच तेव्हा. सोबत हवी असेल तर एकाच लिंगाची जमणारी जोडी किंवा नसबंदी झालेला नर सुचवा. तुमच्यापैकी काहींनी नराची नसबंदी करून, वाट पाहण्याचे आठवडे आपल्याकडेच काढून, मग विकायला सुरुवात केली तर त्याची किंमत वाढवून घ्या. मी स्वतः लोकांना तुमच्याकडे पाठवीन. जे खरोखर पैदास करू इच्छितात त्यांना नात्यातली नसलेली जोडी द्या, आणि दोन विणींमध्ये नर बाजूला काढायला दुसरा पिंजराही त्याच दिवशी विका. तोही तुमचाच माल आहे.

ओळखायला शिकायचं असेल तर दुकानातली पिल्लं घेऊन बसू, मी येईन. वेगवेगळ्या वयाची आठ-दहा जनावरं एकापाठोपाठ हाताखालून गेली की बोटांना कळायला लागतं. तोवर एक काम माझ्याशिवायही होण्यासारखं आहे. गिनीपिगांचा पिंजरा आधी घ्या. त्यातले तीन आठवड्यांच्या वरचे सगळे नर आज दुकान बंद करायच्या आत दुसरीकडे हलवा, आणि उरलेल्या माद्यांपैकी कोणतीही पुढचे दहा आठवडे "गाभण असू शकते" असं सांगितल्याशिवाय विकू नका.

आपली,
तुमच्या दुकानातून निघालेल्या खोक्यांना घर शोधणारी एक